घर बदललं, आता नेटचं काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

एप्रिल-मे आला की नागपुरात दोन गोष्टी वाढतात, ऊन अन् घर बदलणारे. पोरांच्या परीक्षा संपतात, अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो अन् माझ्या फोनवर नेट शिफ्टिंगचे प्रश्न सुरू होतात. मी बरीच वर्षं केबल-नेटच्या लाइनमध्ये काढली, खांबावर चढलो अन् काउंटरवर बसून शिव्याही खाल्ल्या. यावेळचे प्रश्न घेतो.

त्रिमूर्तीनगरहून बेसा साइडला चाललो आहोत. वर्षाचा प्लॅन भरला होता, अजून सात महिने बाकी. कंपनी म्हणते शिफ्ट होईल. किती दिवस आधी सांगावं?

ट्रक ठरवायच्या आधी सांगा. १५ दिवस हातात ठेवा, पण त्याहीआधी एका संध्याकाळी नवीन घरी चक्कर मारा. कस्टमर केअरचा पोरगा "होईल सर" म्हणतो कारण त्याच्या स्क्रीनवर पिनकोड हिरवा दिसतो, अन् पिनकोडमध्ये आख्खा एरिया येतो, तुमची गल्ली आलीच असं नाही. गल्लीत फायबर आला असला तरी डब्यात पोर्ट, म्हणजे तुमची तार जोडायची जागा, रिकामं लागतं, कारण एका फायबरवर स्प्लिटर लावून साधारण ३२ नाहीतर ६४ घरं काढतात, ती भरली की बसा वाट पाहत. म्हणून चौकीदाराला किंवा खालच्या मजल्यावरच्या काकूंना दोनच गोष्टी विचारा, नेट कोणाचं आहे अन् बंद पडलं की दुरुस्तीला कोण येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं, कारण कंपनीचा बोर्ड एकच असला तरी खाली लाइन सांभाळणारा ऑपरेटर बहुतेक एरियाप्रमाणे वेगळा असतो.

खरी गोम इथेच आहे. तुमचे वर्षाचे पैसे रिंग रोडच्या अलीकडच्या ऑपरेटरकडून जमा झालेत, पल्याडच्याला त्यातून काही सुटत नसेल तर तो काहून धावत येईल? तो म्हणेल, "नवीनच घ्या नं भाऊ, ऑफर चालू आहे." तेव्हा आधीच विचारून घ्या की ग्राहक आयडी हाच राहणार का, उरलेले सात महिने तसेच्या तसे मिळणार का, अन् शिफ्टिंगचा चार्ज जीएसटी धरून किती, कारण १८ टक्के नंतर चढवतात अन् मग वाद होतो. अन् उत्तर मेसेजवर घ्या. फोनवरच्या "हो हो"ला उद्या पुरावा नाही.

जुनी लाइन नवीन घरी हिरवा लाइट लागेपर्यंत बंद करू नका. शिफ्टिंगमध्ये आयडी एकच म्हणून दोन्हीकडे नेट चालणार नाही, पण बंद करायची तारीख तरी ते तार ओढायला येतील त्याच दिवसाची द्या. मी स्वतः या धंद्यातला असून एकदा शहाणपणा केला, महिनाअखेरीला लाइन कटवली अन् नवीन लागली ११ दिवसांनी. मधल्या दिवसांत पोरगी ऑनलाइन क्लासला गच्चीवर मोबाइलची रेंज शोधत बसली, तेही मे महिन्यात. घरचे अजून सुनावतात.

नवीन घरात आधीच्या भाडेकरूची फायबरची तार लटकलेली आहे. माझा राउटर तिला जोडला तर चालेल का? तेवढेच पैसे वाचतील.

नाही चालणार. ती पांढरी डबी असते नं, जिला आपण सरसकट राउटर म्हणतो, ती ओएनटी, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाचं नेट करणारी डबी. तिचा सिरियल नंबर कंपनीच्या मशीनवर तुमच्या जुन्या लाइनच्या पोर्टला नोंदलेला असतो. दुसऱ्या तारेवर लावली तर लाइन ओळखच देणार नाही, एक दिवा लुकलुकत बसेल. अन् एलओएसचा लाल लाइट लागला तर तारेतून उजेडच येत नाही, म्हणजे कुठेतरी तुटली आहे नाहीतर डब्यात काढून टाकली आहे. पण तार त्याच कंपनीची असेल तर टेक्निशियनला जरूर दाखवा, तीच वापरली तर त्याची मेहनत वाचते अन् तुमचा वायरचा खर्च.

सामान बांधताना टोकाचं हिरवं कनेक्टर हळू काढा, टोपी असेल तर लावा, टोकावर बोट फिरवू नका, धुळीचा एक कण पुरतो. अन् ॲडॉप्टर राउटरलाच रबर लावून बांधा. सेट टॉप बॉक्सचा, राउटरचा अन् पोराच्या खेळण्याचा ॲडॉप्टर एका थैलीत गेले की पिन बसते म्हणून लोक भलताच लावतात, व्होल्टेज वेगळा असला की डबी गेली अन् भुर्दंड तुम्हाला.

घरमालक भिंतीला ड्रिल मारू देत नाहीत. काय करावं?

एसीच्या पाइपचं भोक असतंच, त्यातून काढा. नसेल तर नागपुरात कूलरची खिडकी कोणाला चुकली आहे? पण कूलरच्या फ्रेममधून तार काढली तर लक्षात ठेवा, पावसाळा लागला की कूलर आत ओढतात अन् त्याच्यासोबत तारही येते. तेव्हा खिडकीच्या चौकटीला क्लिपा मारून घ्या अन् कोपऱ्यात तार काटकोनात दुमडू देऊ नका, गोल वळण द्या. आत काच आहे, तांबं नाही.

महालातल्या जुन्या वाड्यात शिफ्ट झालो. प्लॅन १०० एमबीपीएसचा, आतल्या खोलीत ३० सुद्धा येत नाही. कंपनी म्हणते आमच्याकडून बरोबर आहे. कोण खोटं बोलतंय?

बहुतेक कोणीच नाही. लॅपटॉपला लॅनची तार लावून स्पीड बघा, ९०-९५ आली तर कंपनी सुटली. उरला वायफाय. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो पण हळू अन् आजूबाजूच्या सगळ्यांच्या वायफायची त्यावर गर्दी, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण वाड्याची दीड-दोन फुटाची भिंत आली की हात टेकतो. त्यात मधे कूलर असेल तर विचारूच नका, बाहेरून पत्रा अन् आत पाणी, वायफायला या दोन्ही गोष्टी नडतात. एका ग्राहकाकडे मी तीनदा गेलो, दरवेळी स्पीड बरोबर, अन् मी निघालो की तक्रार. चौथ्यांदा दुपारी गेलो तर काका राउटरसमोर कूलर ढकलून झोपलेले. राउटर टीव्हीच्या मागून काढून उंच ठेवा, नाहीतर लॅनची तार आत नेऊन दुसरा राउटर लावा, पक्का इलाज तोच.

लॅनवरही स्पीड कमी आली तर मात्र सोडू नका. टेक्निशियनला पॉवर, म्हणजे तारेतल्या उजेडाची ताकद, दाखव म्हणा, मीटरवर उणे २० च्या आसपास डीबीएम (ती मोजायचं माप) आली तर छान, उणे २७ च्या पलीकडे गेली तर जोड खराब किंवा तार कुठेतरी दबली आहे, परत जोडायला लावा.

लाइन बंद करून दोन महिने झाले, डिपॉझिट आलं नाही, उलट दर महिन्याला पैसे कटून राहिले.

पैसे आधी थांबवा, ज्या ॲपवरून यूपीआय ऑटोपे लावला तिथे जाऊन तो रद्द करा, कंपनीच्या भरवशावर राहू नका. मग तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं, ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१२ च्या नियमांतलीच ही सोय आहे, फी लागत नाही अन् निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. लोकांना हे ठाऊकच नसतं, ते ऑपरेटरच्या दुकानात भांडत बसतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे. आता एक विचारतो, राउटर परत दिला तेव्हा सिरियल नंबर लिहिलेली पावती घेतली का? घेतली नसेल तर ज्या दिवशी दिला त्या दिवशीचा फोटो, मेसेज, काहीतरी शोधा, कारण अडवतात ते इथेच.

आईचा ०७१२ वाला लँडलाइन नंबर तीस वर्षांचा आहे, सगळ्या नातेवाइकांकडे तोच. शिफ्टिंगमध्ये राहील का?

तांब्याच्या तारेच्या काळात नंबर एक्स्चेंजला बांधलेला असायचा, एक्स्चेंज बदललं की नंबर गेला. फायबरवर आवाजही नेटमधूनच जातो, म्हणून शहरातल्या शहरात तोच नंबर ठेवणं टेक्निकली जमतं, पण देणं न देणं कंपनीच्या हाती, तेव्हा अर्जावर "नंबर तोच हवा" असं लिहूनच सही करा, एकदा दुसऱ्याला गेला की परत मिळत नाही. अन् आईंना एक आधीच सांगून ठेवा. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे म्हणून लाइट गेली तरी घंटी वाजायची, फायबरमधून वीज येत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावून द्या, नाहीतर लाइट गेल्यावर मावशीचा फोन लागला नाही की आई तुम्हालाच विचारतील.