मे महिन्याच्या सुट्टीत कॅम्परने येलोस्टोन, योसेमिटी, डेथ व्हॅली, झायन आणि ग्रँड कॅन्यन: सगळं एका फेरीत होईल का?

तुमचा प्रश्न असा: मुंबईहून पाच जण, म्हणजे तुम्ही दोघं, ७ आणि ११ वर्षांची मुलं आणि तुमच्या आई. शाळेला सुट्टी लागली की मे महिन्यात पंधरा-सोळा दिवस. अमेरिकेत कॅम्पर, म्हणजे आत बेड, ओटा आणि संडास असलेली घरगाडी, भाड्याने घेऊन वर लिहिलेली पाचही ठिकाणं. बेत कसा आखावा?

पाचही नाही जमणार हो. अंतरं मोठी आहेतच, पण खरी अडचण महिन्याची आहे. योसेमिटीतून पूर्वेला डेथ व्हॅलीकडे उतरणारा टायोगा पासचा रस्ता ९,९४३ फुटांवरून जातो. बर्फ काढून तो उघडायला मे अखेर किंवा जून उजाडतो. २०२३ साली तर तो २२ जुलैला उघडला. येलोस्टोनचे रस्ते एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि रात्री पारा शून्याखाली गेला की कॅम्परच्या पाण्याच्या नळ्या गोठायची भीती. तिकडे डेथ व्हॅलीत मे महिन्यातच दुपारी सरासरी ३८ अंश सेल्सियस असतं. बऱ्याच भाडे कंपन्या भर उन्हाळ्यात तिथे गाडी न्यायला करारातच मनाई करतात, कारण बंद पडलेल्या गाडीत माणसं अडकणं तिथे जिवावर बेतू शकतं. डोंगर आणि (डेथ व्हॅली सोडून) बाकीचं वाळवंट दोन्ही एकदम बरे मिळतात ते सप्टेंबरच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा आपल्याकडे सहामाही परीक्षा जवळ आलेल्या असतात.

म्हणून येलोस्टोन आणि योसेमिटी सरळ खोडा. डेथ व्हॅलीही खोडा. उरलं ते झायन आणि ग्रँड कॅन्यन ज्यावर आहेत ते कोलोरॅडो पठार, आणि मे महिना त्याचाच आहे. आम्ही सासूबाई आणि मुलांना घेऊन याच दिवसांत तिकडे फिरलो, त्यामुळे जरा ठासून सांगते.

फेरी अशी: लास वेगास, झायन, ब्राइस कॅन्यन, मोआब (आर्चेस आणि कॅन्यनलँड्स दोन्ही तिथून), मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, परत लास वेगास. साधारण १२०० मैल, म्हणजे १९०० किलोमीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मुद्दा वेगळा आहे. कॅम्पर हलवायचा म्हणजे वायर काढा, पाण्याचा पाइप गुंडाळा, टाक्या बघा, कपाटांच्या कड्या लावा, ओट्यावरचं सगळं आत टाका, मुलांना पट्ट्यांत बसवा. हे रोज केलंत तर सुट्टी त्यातच जाईल. मुक्काम कमी ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री राहा. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्हीकडे उद्यानाची शटल बस आहे. झायनच्या मुख्य दरीत तर हंगामात खाजगी गाडी सोडतच नाहीत. कॅम्पर झाडाखाली उभा करायचा आणि बसने हिंडायचं, इतकं सोपं. अपवाद मोआबचा. आर्चेसमध्ये शटल नाही आणि मोठ्या गाडीला पार्किंगही बेताचंच, तेव्हा मोआबमध्ये दोन दिवस साधी कार भाड्याने घ्या. हा खर्च वायफळ वाटतो, पण नाही.

आता वाटेतल्या खाचाखोचा. झायनहून ब्राइसला जायचा जवळचा रस्ता १९३० सालच्या बोगद्यातून जातो. पूर्वी मोठ्या गाड्यांना पैसे भरून, समोरची वाहतूक थांबवून सोडत. आता ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाड्यांना २०२६ पासून त्या रस्त्यावर बंदी घालायचं उद्यानाने ठरवलं आहे, आणि भाड्याचे बहुतेक कॅम्पर या मापाबाहेरच असतात. त्यामुळे हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असा वळसा धरूनच वेळ मोजा. फोनवरचा नकाशा बोगदाच दाखवेल. ब्राइसहून मोआबला महामार्गाने गेलात तर सलायना ते ग्रीन रिव्हर सुमारे ११० मैल एकही पेट्रोल पंप नाही. सलायनाला टाकी भरा आणि सगळ्यांना बाथरूमला पाठवा. मोआबहून खाली येताना नकाशाने मोकी डगवे नावाचा रस्ता सुचवला तर अजिबात ऐकू नका. तो कड्यात कोरलेला कच्चा घाट आहे, कॅम्परसाठी नाहीच. ब्लफ आणि मेक्सिकन हॅटवरून या.

मॉन्युमेंट व्हॅली हे नावाहो या तिथल्या मूळ आदिवासी लोकांचं स्वतःचं उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही आणि आतल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर कॅम्पर नेता येत नाही. नावाहो गाइडच्या उघड्या जीपमधून जा, मुलांना तेच जास्त आवडतं. घड्याळाचीही गंमत आहे: उन्हाळ्यात नावाहो प्रदेश घड्याळ पुढे करतो, बाकीचा ॲरिझोना करत नाही. ग्रँड कॅन्यनला पोहोचलात की एक तास फुकट मिळतो.

ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ या वेळी डोक्यातून काढा. २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं, आणि तसाही तो काठ हिवाळाभर बंद असतो. दक्षिण काठावर डेझर्ट व्ह्यूच्या बाजूने आत शिरा. १९३२ सालचा दगडी बुरूज तिथेच आहे. आईंसाठी हे सगळ्यात सोयीचं ठिकाण. काठाकाठाने सपाट, फरसबंद वाट आहे, बाकं आहेत, बस आहे. दरीत उतरण्याचा मोह तुम्हालाच होईल. उतरा, पण थोडंच. तिथे चढ परतीच्या वाटेवर येतो, माणूस दमल्यावर. झायनमधली नदीच्या पात्रातून चालायची नॅरोजची वाट मात्र वितळलेल्या बर्फाच्या पाण्यामुळे मे महिन्यात बरेचदा बंद असते, तेव्हा मुलांना आधीच त्याचे व्हिडिओ दाखवून ठेवू नका. त्याऐवजी प्रत्येक उद्यानात ज्युनियर रेंजरची, म्हणजे छोट्या उद्यानरक्षकाची, पुस्तिका मागा. मुलांनी ती भरली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. आमच्याकडे त्या बिल्ल्यांवरून भांडणं झाली, पण तासन्‌तास कुणी फोन मागितला नाही.

गाडी कुठली? ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली, तिथे क्लास सी म्हणतात ती, २५ फुटांच्या आसपासची. त्याहून लांब घेऊ नका. उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये बऱ्याच जागांना लांबीची मर्यादा आहे, आणि गाडीचा मागचा भाग मागच्या चाकांच्याही बराच मागे लोंबत असल्याने वळताना तो पंपाच्या खांबाला पुसून जातो. मुंबईत चालवणाऱ्याला तिथल्या रहदारीची भीती नाही, उजवीकडून चालवायची सवयही दोन दिवसांत होते. आडवा वारा मात्र नवा असतो. उंच गाडीला तो बाजूला ढकलतो. तेव्हा वेग कमी करायचा, मागच्यांना जाऊ द्यायचं. वेगळं लायसन्स लागत नाही. आपलं इंग्रजीतलं लायसन्स आणि सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, फी १००० रुपये, एक वर्ष चालतो. बुक करताना आसनं विचारा: पाचही जणांना पट्टा हवा, चालत्या गाडीत बेडवर कुणी झोपायचं नाही. युटामध्ये ८ वर्षांखालच्या मुलाला बूस्टर सीट लागते, म्हणजे तुमच्या धाकट्याला लागेल. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी बऱ्याच कंपन्या कॅम्पर ताब्यात देत नाहीत, आणि ते बरंच आहे. पहिली रात्र हॉटेलात झोपा.

मायलेज ऐकून घाबरू नका: गॅलनला ८ ते १० मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ४ किलोमीटर. पूर्ण फेरीला ५०० लिटरच्या आसपास पेट्रोल धरा. भाड्याच्या जाहिरातीतला आकडा अर्धवट असतो. त्यावर मैलांचे पैसे, विमा, जनरेटर, भांडी आणि अंथरुणांचे संच, सगळं चढतं. पूर्ण बेरीज मागितल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करूच नका.

उद्यानांच्या प्रवेशाचा हिशोब २०२६ पासून आपल्यासाठी बदलला आहे. ज्या ११ गर्दीच्या उद्यानांत परदेशी पाहुण्यांकडून १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाचे जादा १०० डॉलर घेतात, त्यांत झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही आहेत. तुम्ही तीन मोठी माणसं, तीन उद्यानं: नुसते जादाचेच ९०० डॉलर. त्यापेक्षा परदेशी पाहुण्यांसाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास घ्या, गाडीतल्या सगळ्यांना चालतो.

कॅम्पग्राउंडचं बुकिंग हे खरं युद्ध. झायनचं वॉचमन आणि ग्रँड कॅन्यनचं मॅदर सहा महिने आधी सरकारी संकेतस्थळावर उघडतात. मे महिन्यासाठी नोव्हेंबरात, आपल्या रात्री साडेआठला. अकाउंट आधी काढून, कार्ड भरून बसा. चांगल्या जागा भराभर जातात. वॉचमनमध्ये विजेचं कनेक्शन असलेल्या जागा आहेत. मॅदर आणि ब्राइसमध्ये वीज-पाणी जोडलेलं मिळत नाही, टाकीवरच भागवायचं. म्हणून मोआबला खाजगी कॅम्पग्राउंड घ्या, जिथे सगळं जोडलेलं असतं, कपडे धुवायचं मशीन असतं आणि आंघोळी मनसोक्त होतात. मे महिन्यातला शेवटचा सोमवार त्यांची मोठी सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारच्या आत फेरी संपवा. आणि व्हिसा आधी हातात असू दे. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतून तो मिळेपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठे भरू नका.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आई सोबत आहेत म्हणजे विचारणारच. तांदूळ इथून नेऊ नका, भारतातून सामानात तांदूळ न्यायला अमेरिकेत बंदी आहे. डाळींच्याही भानगडीत पडू नका, लास वेगासच्या भारतीय दुकानातून दोन्ही भरा. इथून कुकर मात्र न्याच. ब्राइस ८,००० फुटांवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर नाचते पण शिजत नाही. फोडणी टाकण्याआधी वरची झडप उघडा, पंखा लावा. डबाबंद जागेत मिरचीचा धूर झाला की धुराचा अलार्म किंचाळतो, आणि रात्री १० नंतर कॅम्पग्राउंडमध्ये शांततेचा नियम असतो.

आणि टाक्या. तीन असतात: चांगलं पाणी, ओट्याचं-आंघोळीचं सांडपाणी आणि संडासची. शेवटची आपली आपल्याला रिकामी करावी लागते, तिथे कुणी माणूस येत नाही. हातमोजे घालून पाइप जोडायचा, आधी संडासची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुतला जातो. पाच मिनिटांचं काम आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि उरलेल्या सहलीत शक्य तिथे कॅम्पग्राउंडच्या बाथरूमचाच वापर केला. खरं तर ती सगळ्यांनाच लावण्यासारखी शिस्त आहे, टाकी निम्म्याहून कमी भरते.

हवा इतकी कोरडी असते की मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या मुलांचे ओठ दुसऱ्याच दिवशी फुटतात, नाकातून रक्तही येतं. खोबरेल तेलाची बाटली हाताशी ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायला लावा. दिवसा मोआबमध्ये टोपी आणि सुती कपडे, रात्री ब्राइसला स्वेटर, कानटोपी. आईंचा प्रवास विमा त्यांचे जुने आजार नमूद करूनच काढा.

परतीच्या आदल्या रात्री लास वेगासजवळच्या कॅम्पग्राउंडमध्ये थांबा आणि टाक्या तिथेच रिकाम्या करा. पेट्रोल आणि प्रोपेन (गाडीतल्या शेगडीचा गॅस) करारात लिहिलंय तेवढं भरून सकाळी गाडी परत द्या. संडासची किंवा सांडपाण्याची टाकी भरलेली तशीच परत केली तर त्याचा दंड वेगळा लागतो.