जू आणि जोडीदार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भोसरीत आम्हा दोघांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. भागीदार शाळेपासूनचा मित्र, ख्रिस्ती नाही, पण जिवाला जीव देणारा. वर्षभरापासून तो माल न घेताच नुसती बिलं घेतो आणि त्यावर जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उचलतो. कागदांवर सही माझीही असते. मंडळीतले (चर्चमधले) म्हणतात, ‘विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका’ असं बायबलचं वचन आहे, मैत्रीच तोड. काय करू? – एक वाचक, भोसरी

उत्तर : मैत्री तोडू नका. ते वचन पौलाच्या पत्रातलं, २ करिंथ ६:१४. त्यातलं चित्र जुवाचं आहे. त्यामागे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली (२२:१०) आज्ञा आहे : बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये. गाढव बुटकं, त्याचं पाऊल आखूड. जू एका अंगाला कलतं, जोतं मानेला काचतं, कातडं सोलवटतं आणि तासही वाकडं जातं. दोष एकट्या गाढवाचा नाही, जुंपण्याचा आहे. अविश्वासी लोकांशी संबंधच नको म्हटलं तर जगातूनच निघून जावं लागेल, हेही पौलानंच लिहिलंय (१ करिंथ ५:१०). भागीदार मंडळीतला असता आणि हेच करत असता, तरी आमचं उत्तर हेच असतं.

भागीदारी मात्र खरोखरचं जू आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या कामात एकानं केलेलं दुसऱ्यालाही बांधतं आणि देण्याची जबाबदारी दोघांवर एकत्र तशीच एकेकट्यावरही येते. ‘बिल त्यानं आणलं, मी फक्त सही केली’ हे ना कायद्यापुढे टिकतं, ना देवापुढे.

बायबलमधला यहोशाफाट हा यहूदाचा चांगला राजा होता. त्यानं आधी इस्राएलचा दुष्ट राजा अहाब याच्या घराण्याशी सोयरीक केली, मग अहाबाच्या लढाईत गेला, शेवटी अहाबाचा मुलगा अहज्या याच्याबरोबर जहाजं बांधली. ती एसयोन-गेबेर बंदरातच फुटली (२ इतिहास २०:३७). एकेक पाऊल त्या-त्या वेळी साधंच वाटलं असणार. पुढे त्याच सोयरिकीतल्या सुनेनं, अथल्यानं, राजवंशाची कत्तल केली.

आता तुमचं. सह्या करून ठेवलेले कोरे चेक आजच परत घ्या. मित्राशी एकट्यात बोला, कामगारांसमोर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. कोणती बिलं, कोणत्या तारखेची, हे कागदावर मांडून सांगा. मोघम बोललात तर तो तुमची समजूत घालून मोकळा होईल. सीएला बसवून चुकीचं क्रेडिट परत फिरवा आणि डीआरसी-०३ (स्वतःहून कर भरण्याचा जीएसटीचा फॉर्म) भरून रक्कम व्याजासह भरा. पुरवणी करारात दोन गोष्टी घाला : प्रत्येक खरेदी बिलाला डिलिव्हरी चलन जोडलेलं हवं आणि पैसे दोघांच्या सहीनंच निघावेत. त्याला पुढच्या रिटर्नपर्यंत मुदत द्या.

नाही म्हणाला तर बाहेर पडा. इथेच बहुतेकांचं चुकतं : तोंडी बोलून वेगळे होतात, कागदावर तसेच राहतात. भागीदारी मुदतीची नसेल तर त्याला लेखी नोटीस द्या. राजपत्रात आणि एका मराठी दैनिकात जाहीर सूचना द्या, फर्म नोंदणीकृत असेल तर निबंधकांनाही कळवा. जीएसटी आयुक्तांना निवृत्तीची तारीख एका महिन्याच्या आत लेखी कळवा. उशीर केलात तर कळवीपर्यंतचं देणंही तुमच्या गळ्यात. एवढं झाल्यावर त्याच्या घरी चहाला जरूर जा. तेव्हा मानेवर जू नसेल.

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. पती ख्रिस्ती विश्वासात नाहीत. बायका मलाही ‘विजोड’ म्हणतात. – खडकी

उत्तर : ते वचन झालेला संसार मोडण्यासाठी नाही. पती नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये, असं १ करिंथ ७:१३ स्पष्ट सांगतं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं दोघांनीही सोसली. उपासनेला कधी जाणार, दानाला किती देणार हे पतीला आधी सांगा, लपवून काही करू नका. लपवलेल्या पन्नास रुपयांनीही विश्वास उडतो. मात्र मारहाण होत असेल तर त्याला नांदायला राजी असणं म्हणत नाहीत. आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा, पाळकांना तिथून फोन करा.