पियानोचा शिक्षक निवडताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. जवळच्या क्लासमध्ये तासाभराच्या बॅचला सहा मुलं कीबोर्ड शिकतात. दुसऱ्या एक बाई एकेकट्याला पियानो शिकवतात, पण फी दुप्पट. कुठे घालावं? (नाशिक)

उत्तर : पियानोच शिकायचा असेल तर बाईंकडे. सहाजणांत तिच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतील; उरलेला वेळ ती हेडफोन लावून चुकीची बोटं पक्की करत बसेल. या वयाला आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरतो, मात्र घरी रोज १५-२० मिनिटं सराव हवाच. क्लासमधल्या वाद्याच्या पट्ट्याही बघून या. ६१ हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बोटांत जोर येत नाही. पियानोला ८८ पट्ट्या असतात, आणि त्या दाबायला वजन लागतं.

पण बाईंकडेही डोळे मिटून जाऊ नका. फी भरून एक तास घ्या आणि कोपऱ्यात बसून बघा. पहिला सूर वाजण्याआधी त्या स्टुलाची उंची जुळवतात का? कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवं, आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट हवा. पाय अधांतरी असले की मूल खांदे उचलून तोल सावरतं, आणि मग मनगट ताठ होतं.

नंतर मुलगी चुकेल, तेव्हा नीट लक्ष द्या. “परत पहिल्यापासून वाजव” म्हणणारा शिक्षक चूक तशीच ठेवतो. जाणता शिक्षक अडलेले दोनच बार (स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेले छोटे भाग) वेगळे काढतो, एका हाताने सावकाश वाजवून घेतो, मग दुसरा हात जोडतो आणि शेवटी आधीच्या बारपासून सलग वाजवायला लावतो. तास संपताना वहीत कोणते बार, कोणता हात, किती वेग हे लिहिलं गेलं पाहिजे. नुसतं “पान १२ करून ये” सांगितलं, तर घरी मूल काय करणार?

प्रश्न : शिक्षक ‘ग्रेड ८’ आहेत. एवढं पुरे का? (पुणे)

उत्तर : ग्रेड ८ ही पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांतली सगळ्यात वरची. त्यावरून ते स्वतः चांगलं वाजवतात एवढं कळतं. ग्रेड कोणत्या वाद्याची, हे आधी विचारा. ट्रिनिटी या परीक्षामंडळाचा पियानोचा आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा अभ्यासक्रम वेगळा आहे, आणि पालक इथेच फसतात. मग विचारा, अगदी पहिल्यापासून शिकवलेले आणि तीन वर्षं टिकलेले विद्यार्थी किती?

वर्षभर परीक्षेत वाजवायचे तीनच तुकडे (रचना) घोटून घेणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. एबीआरएसएम या दुसऱ्या परीक्षामंडळाच्या परीक्षकासमोरच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० पैकी ९० गुण तुकड्यांना आहेत आणि पास व्हायला १०० लागतात. म्हणजे तुकड्यांत पैकीच्या पैकी मिळाले तरी स्केल (सप्तकाचे चढउतार), साइट रीडिंग (न पाहिलेलं वाचून वाजवणं) आणि कान (ऐकून ओळखण्याची चाचणी) यांच्याशिवाय मूल नापासच. शिवाय सहाव्या ग्रेडला बसण्याआधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी, म्हणजे संगीतशास्त्राची परीक्षा, पास व्हावी लागते. ती कधीपासून सुरू करणार, हेही विचारून ठेवा.

प्रश्न : वय ५२. बरीच वर्षं पेटी वाजवतो. पेटीच्या गुरुजींकडेच पियानो शिकता येईल का? (सांगली)

उत्तर : गुरुजी कितीही मोठे असले तरी या कामासाठी पियानोचाच शिक्षक हवा. तुमचा कान तयार आहे, ही मोठी जमेची बाजू. अडचण हातांची आहे. डावा हात आजवर भाता मारत आला, आता त्याला उजव्याच्या बरोबरीने वाजवायचं आहे. बोटंही नव्याने बसवावी लागतील. अंगठा १ आणि करंगळी ५ धरा. पांढरी एकचा सा धरून शुद्ध सप्तक चढताना उजव्या हाताने सा-रे-ग १-२-३, मग अंगठा खालून नेऊन मध्यमावर आणि पुढे २-३-४-५. डाव्याने ५-४-३-२-१ असं पंचमापर्यंत, मग मधलं बोट अंगठ्यावरून धैवतावर, पुढे २-१. शिक्षक हे पहिल्या महिन्यातच घेत नसेल, तर पेटीची सवय पियानोवर कायमची बसेल.

तुम्हाला सरगम येते हे पहिल्याच दिवशी सांगा. ती ऐकून नाक मुरडणारा शिक्षक नको. पण फक्त सरगम लिहून देणाराही नको, कारण दोन हातांचं वेगवेगळं वादन वाचायला स्टाफ नोटेशनच (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) लागतं.

प्रश्न : आमच्याकडे शिक्षकच नाही. ऑनलाइन चालेल? (सिंधुदुर्ग)

उत्तर : मोठ्यांना चालेल. लहान मुलाशेजारी कुणीतरी बसावं लागेल. फोन समोर ठेवू नका. बाजूला, थोडा वर, बोटांपासून कोपरापर्यंत दिसेल असा लावा. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा, नाहीतर लांबणारे सूर गोंगाट समजून कापले जातात. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. शिक्षकाने आधी वाजवून दाखवावं, मग तुम्ही वाजवावं. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेटणारा शिक्षक मिळाला, तर त्यालाच पसंती द्या. मनगटातला ताण कॅमेऱ्यात दिसत नाही.

प्रश्न : वर्ष झालं. शिक्षक बदलावा का, हे कसं ठरवू? (ठाणे)

उत्तर : मुलाच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या सोपा, कधीही न पाहिलेला चार ओळींचा तुकडा समोर ठेवा. अडखळत का होईना, तो शेवटपर्यंत गेला तर शिकवणी योग्य चालली आहे. पहिल्या ओळीतच थांबून “हे सरांनी शिकवलं नाही” म्हणाला, तर वर्षभर पाठांतर झालंय. आधी शिक्षकांशी बोला आणि तीन महिने दर तासाला पाच मिनिटं नवं वाचन मागा. तेही झालं नाही तर बदला, पण परीक्षा तोंडावर असताना नको. निघताना झालेले तुकडे आणि स्केल यांची यादी लिहून घ्या, म्हणजे नव्या शिक्षकाला चाचपडावं लागणार नाही.