लिस्टवर ‘इन’ लावण्याआधी

अरे, तुझा पायथन कोड चुकलेला नाही, नुसता रेंगाळतोय. पुण्यातल्या ५०,००० मिळकत क्रमांकांची यादी तेवढ्याच दुसऱ्या यादीशी ताडताना लूपच्या (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडच्या) आत लिस्टवर, म्हणजे यादीवर, ‘इन’ (ही गोष्ट यादीत आहे का, हे विचारणारा शब्द) लावलंस, की दरवेळी ती पहिल्यापासून तपासली जाते. वाईटात वाईट म्हणजे २५० कोटी तुलना! त्या दुसऱ्या यादीचा सेट (प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणारा संच) कर, पण एकदाच आणि लूपच्या बाहेर. आत केलास तर उलट आणखी हळू. हिंजवडीतले मुरलेले लोकही इथे घसरतात बरं का. सेटमध्ये हॅशमुळे (मूल्यावरून काढलेल्या, त्याची जागा सांगणाऱ्या आकड्यामुळे) शोध सरासरी स्थिर वेळात लागतो, म्हणजे यादी मोठी असली तरी साधारण तेवढाच वेळ. क्रम जपायचा असेल तर डिक्शनरी (किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांचा साठा) घे, पायथन ३.७ पासून ती टाकलेला क्रम राखते. आणि लूपमध्ये ‘यादी = यादी + [नवा]’ नको, दरवेळी अख्खी यादी कॉपी होते. यादीच्या शेवटी भर घालणारं अपेंड वापर.