गाळपेरीचा हरभरा, हंस आणि काठची लव्हाळी

पैठण आणि गंगापूर भागात नाथसागराचे (जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे) पाणी उतरेल तशी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करणाऱ्या शेतकरी बांधवांकडून दोन प्रश्न वारंवार येत आहेत. पट्टकदंब हंस (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) रातोरात हरभरा खुडतात, तर बियाण्याला काय औषध लावावे? आणि पाण्यालगतची लव्हाळी, पाणकणीस पेटवून तेवढी जमीन वहितीत आणावी का?

विषारी बियाणे किंवा आमिष अजिबात नको. फोरेट हे विषारी कीटकनाशक 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे, घरात जुना साठा असला तरी तो वापरू नका. हा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे गुन्हा तर होतोच. शिवाय हेच पाणी आपली जनावरे पितात आणि संभाजीनगरच्या नळाला येते.

आधी नुकसान हंसांचेच आहे का ते पाहा. ससा देठ तिरका, विळ्याने कापल्यासारखा तोडतो. हंसाने चरलेल्या जागी पाने ओरबाडलेली दिसतात आणि गवताच्या चोथ्याची हिरवट विष्ठा पडलेली असते. नुसता शेंडा गेला असेल तर घाबरू नका, रोपाला फुटवे येतात. शेंडे आपणही खुडतोच. मऊ गाळातून रोप मुळासकट उपटले असेल तिथे मात्र लगेच नांग्या भरा, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोका.

हंस दिवसा पाण्यात विसावतात आणि अंधार पडताना चरायला निघतात. बऱ्याचदा ते काठावर उतरून चालत शेतात शिरतात. म्हणून पाण्याच्या बाजूने गुडघाभर उंचीवर चमकीची फीत ताणून बांधा, दर दोन-चार दिवसांनी तिची जागा बदला. राखण संध्याकाळी हवी. कडेने करडई लावण्याचा सल्ला कोणी देईल, पण कोवळ्या करडईला काटा नसतो. ती पुढे जनावरांना अडवते, रोपावस्थेत हंसांना नाही.

लव्हाळी पेटवू नका, तणनाशकही मारू नका. निदान दहा-पंधरा फुटांचा पट्टा सोडाच. पावसात वाहून येणारी माती आणि खत तिथेच अडते, माशांची पिल्ले तिथे वाढतात. आपल्या भोई बांधवांचे पोट त्यावर आहे. फवारणीचा पंप जलाशयात धुऊ नका. हरभऱ्याचे घाटे खाणाऱ्या घाटेअळीसाठी एकरी 20 पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला काठ्या) लावा. कोळसा-कोतवाल आणि साळुंक्या अळ्या टिपतात.

काढणीनंतर नांगरताना उघड्या ढेकळांत टिटवीची अंडी दिसली, तर तेवढी जागा सोडून तास काढा.