ट्रॅक स्कूलचा पहिला दिवस: एक्झॉस्ट राहू द्या, ब्रेक ऑइल बदला

प्रश्न थोडक्यात असा: रेसट्रॅकवर एका दिवसाचं हाय परफॉर्मन्स ड्रायव्हिंग स्कूल बुक केलंय, गाडी स्वतःची टर्बो पेट्रोल, मॅन्युअल हॅचबॅक. जाण्याआधी नवं एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घ्यावं का, आणि तिथे दिवसभर नेमकं काय करायला लावतात?

एक्झॉस्ट आणि रिमॅप दोन्ही राहू द्या. पहिल्या दिवशी इंजिनाची ताकद कुणालाच कमी पडत नाही. आधी ब्रेक दमतात, मग चालवणाऱ्याची नजर दमते. वेळ आणि पैसा ब्रेकवर घाला.

ताशी १४० वरून थांबताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा १०० वरून थांबतानाच्या जवळपास दुप्पट असते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. रस्त्यावर असं ब्रेकिंग एखाद्या वेळी होतं आणि नंतर डिस्कला गार व्हायला भरपूर वेळ मिळतो. ट्रॅकवर ते दर लॅपला पाच-सहा वेळा, सलग वीस मिनिटं चालतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. मानकानुसार डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रतवारी) चा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा मुरल्यावर तोच १५५ वर येतो. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय खाली जातो आणि पॅडपर्यंत दाब पोहोचतच नाही.

म्हणून आदल्या एक-दोन आठवड्यांत चांगलं डॉट ४ किंवा ५.१ सीलबंद डब्यातून घालून चारही चाकं ब्लीड करून घ्या, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा लाइनमधून काढून टाका. गॅरेजच्या कोपऱ्यात सहा महिने उघडा पडलेला डबा चालणार नाही. डॉट ५ चुकूनही नको. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. नुसत्या आकड्यावरून ते ५.१ चं भावंड वाटतं आणि लोक फसतात.

पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदला. पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ऑइलला जाते. नवे टाकलेत तर ते आधीच बेड-इन करून घ्या, म्हणजे रस्त्यावर ठरावीक पद्धतीने ब्रेक लावून डिस्कवर बसवून घ्या. ट्रॅकवर पहिल्याच सेशनला ते काम करायचं नाही.

ब्रेक ढिले पडण्याचे दोन प्रकार पायालाच ओळखू येतात. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापलेत. वेग कमी करा, एक लॅप जवळजवळ ब्रेक न लावता काढा आणि आत या. पेडल मऊ, लांब, स्पंजासारखं झालंय, म्हणजे ऑइल उकळलंय. तेव्हा पेडल भराभर दोन-तीनदा मारून दाब तयार करा, गियर एकेक करून खाली आणा आणि पिटमध्ये या. गार झाल्यावर पेडल परत बरं वाटतं, पण त्यावर विश्वास ठेवू नका. पुन्हा ब्लीड केल्याशिवाय त्या दिवशी ट्रॅकवर जायचं नाही.

टायर नवे घ्यायची गरज नाही, पण वय बघा. साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ ३५२१, म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर ट्रॅकवर नेऊ नका, खाचा कितीही शिल्लक असोत. सकाळी गार टायरमध्ये दारावरच्या स्टिकरइतकी हवा ठेवा. सेशनमध्ये ती ६ ते ८ पीएसआय सहज वाढते. आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि जास्तीची सोडा. रस्त्याच्या टायरना गरम असताना साधारण ३४ ते ३८ च्या दरम्यान बरं चालतं. खात्री करायची असेल तर ट्रेड आणि साइडवॉल यांच्या सीमेवर खडूने आडवी रेघ ओढा. बऱ्याच टायरवर तिथे छोटा त्रिकोण असतो. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर टायर कडेवर लोळतोय, हवा कमी आहे. त्रिकोणाच्या बऱ्याच वर राहिला तर हवा जास्त आहे.

व्हील नट टॉर्क रेंचनेच, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. सकाळी एकदा आणि दुपारी चाकं गार झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही. पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. लांब वळणात ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन मध्येच गुदमरतं. गाडीतलं सुटं सगळं काढा: बाटल्या, चार्जर, डिकीतलं सामान, आणि मुख्य म्हणजे चालकाच्या पायाखालचं मॅट. ब्रेक पेडलखाली सरकलेलं मॅट हा फार फालतू आणि फार महागडा अपघात आहे.

हेल्मेटबाबत आयोजकांना आधीच विचारा. बरेच जण स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए मानक (कार रेसिंगसाठीचं) मागतात, उदाहरणार्थ एसए २०२०. मोटरसायकलचं एम मानकाचं हेल्मेट वेगळं. एसए मध्ये आगीला प्रतिकार आणि रोलकेजवर आपटण्याची चाचणी असते, एम मध्ये ती नसते. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घाला, सिंथेटिक कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं. बुटांचे तळ पातळ हवेत. आणि विम्याची पॉलिसी वाचा. शर्यत नसली, वेळ नोंदवत नसले, तरी ट्रॅकवरचं नुकसान अनेक पॉलिसींमध्ये सरळ वगळलेलं असतं.

आता दिवसाबद्दल. सकाळी गाडीची तपासणी आणि ब्रीफिंग. चालकांना सूचना देणाऱ्या झेंड्यांचे तपशील ट्रॅकनुसार थोडे बदलतात, म्हणून माहीत आहेत असं वाटलं तरी ऐका. ओव्हरटेक बहुतेक ठिकाणी ठरावीक सरळ पट्ट्यांवरच आणि पुढच्याने हाताने इशारा दिल्यावरच करायचा असतो. इशारा तुम्ही देत असाल तर सोबत अ‍ॅक्सिलरेटरही थोडा सोडा. टर्बो गाडीवाले हात बाहेर काढतात आणि पाय मात्र दाबूनच ठेवतात, मागचा बिचारा शेजारी अडकून राहतो.

त्याआधी बसण्याची जागा नीट करा. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. हात नऊ आणि तीनवर. रस्त्यावर रेलून बसायची सवय असेल तर हे फार जवळ वाटेल, पण तसंच राहू द्या.

पहिला सराव बहुधा प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन मांडून केलेल्या ब्रेकिंगचा असतो. जवळजवळ सगळेच आधी हळू दाबतात आणि कोन जवळ आला की घाबरून जोर वाढवतात. पाहिजे ते याच्या उलट: सुरुवातीलाच झटकन पण धक्का न देता पूर्ण जोर, मग वेग उतरेल तसा दाब हळूहळू सोडत जायचं. एबीएस पायाखाली थरथरलं की पाय उचलू नका, दाबून ठेवा आणि जायचं तिकडे वळवा. एबीएस आहेच त्यासाठी.

लाइनचं, म्हणजे वळणात गाडी कोणत्या मार्गाने न्यायची याचं, गणित साधं आहे. टायरची पकड ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) धरली तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणात साधारण ताशी ७५ किलोमीटर निघतात. ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरून तीच त्रिज्या ६० मीटर केली तर ८३. गाडी तीच, टायर तेच. पहिल्या दिवशी एपेक्स, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ येते तो बिंदू, थोडा उशिरा घ्या. आत शिरताना हळू वाटेल, पण बाहेर पडताना जागा उरते. लवकर एपेक्स घेणाऱ्याला वळणाच्या शेवटी ट्रॅक कमी पडतो, मग तो घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडतो. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. वळणात शिरलात की पाय झटक्याने उचलायचा नाही. पुढची चाकं घसरतायत असं वाटलं तर स्टीअरिंग आणखी वळवू नका, किंचित सरळ करा आणि अ‍ॅक्सिलरेटर हलकेच कमी करा.

दोन चाकं ट्रॅकबाहेर गेलीच तर ओढून आत आणण्याचा मोह टाळा. गवतावरची चाकं डांबरावर चढली की अचानक पकड मिळते आणि गाडी समोरच्या भिंतीकडे झेपावते. स्टीअरिंग सरळ धरा, वेग उतरू द्या, मग सावकाश परत या.

नजर ही इन्स्ट्रक्टर सर्वांत जास्त वेळा बोलून दाखवणारी गोष्ट. ब्रेक लावून झाला की डोळे एपेक्सवर, गाडी एपेक्सला पोहोचण्याआधी डोळे बाहेर पडायच्या कडेवर. पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघत राहिलात की तिच्या चुका तुमच्या होतात.

स्थिरता नियंत्रण चालूच ठेवा, पण ते काम करताना ब्रेक वापरतं हे ध्यानात असू द्या. त्याचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर तुम्ही ओबडधोबड चालवताय आणि मागचे पॅड उगाच तापतायत. हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक दाबत अ‍ॅक्सिलरेटरही देत गियर उतरवणं) त्या दिवशी शिकायला जाऊ नका. वेग पूर्ण उतरल्यावर, एक एक गियर खाली, शांतपणे. पाचवरून चारऐवजी दोन पडला तर क्लच सोडल्याबरोबर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो.

प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप गार करण्यासाठी, ब्रेक शक्यतो न लावता. पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड एका जागी दाबून राहिला की डिस्कवर त्याचा थर बसतो आणि पुढे ब्रेक लावताना थरथर जाणवते. गाडी गियरमध्ये ठेवा, चाकामागे ठोकळा लावा. सेशनच्या मधे पाणी पीत राहा. दुपारनंतर ब्रेकची जागा एकदा चुकली, गियर अडखळला, की थकवा आला असं समजा. शेवटचं सेशन सोडलं तरी काही बिघडत नाही, बरेच इन्स्ट्रक्टर स्वतःच तसं सुचवतात.

निघताना पॅडची उरलेली जाडी, टायरच्या कडा आणि व्हील नट बघा. आणि हवा भरा. दिवसभर गरम टायरमधून सोडलेली असते, गार झाल्यावर ती २८-२९ पर्यंत उतरते, आणि हायवेला तेवढी पुरत नाही.