नदीतलं वाळवंट

प्रश्न असा : ‘चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली गेलं, अशी बातमी वाचली. वाळवंट म्हणजे थरसारखा कोरडा प्रदेश ना? मग ते नदीत कसं? पंढरपूरकर हा शब्द चुकीचा वापरतात का?’

अजिबात नाही. वाळवंट म्हणजे वाळूची मोकळी जागा, मग ती नदीकाठी असो की राजस्थानात. थरचं वाळवंट शाळेच्या भूगोलातून डोक्यात बसतं, म्हणून तेवढाच अर्थ खरा वाटतो. काही जण ‘वाळणे’शी त्याचं नातं जोडतात, तेही बरोबर नाही. हा शब्द वाळूवरून आला, आणि वाळू संस्कृत ‘वालुका’वरून.

पात्र आणि वाळवंट मात्र एक नव्हे. पात्र म्हणजे दोन्ही काठांमधली सगळी रुंदी. पूर ओसरल्यावर त्यात वाळूचा जो भाग उघडा पडतो ते वाळवंट. पंढरपुरात घाट उतरलं की वाळवंटच लागतं, पुंडलिकाचं मंदिर तिथेच आहे. उजनीचं आणि नीरेवरच्या वीर धरणाचं पाणी एकदम आलं की ते मंदिर पाण्यात जातं.

आता ‘गाळ’. वाळवंटाला गाळ म्हणू नये, कारण नदी दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने वाहून नेते. वाळूचा कण साधारण 0.06 ते 2 मिलिमीटरचा. तो तळाशी घरंगळत, उड्या मारत जातो आणि ओढ कमी झाली की लगेच बसतो. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचते आणि बाहेरच्या बाजूची दरड कोसळत राहते. गाळ म्हणजे पोयटा आणि चिकणमाती, वाळूहून बारीक. ती पाण्यात तरंगत जातात आणि पाणी जवळजवळ थांबलं तरच खाली बसतात. गंमत म्हणजे एकदा बसलेली चिकणमाती उखडायला वाळूपेक्षा जास्त वेग लागतो, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात.

फरक घरीच पाहता येतो. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश नदीकाठची माती घ्या, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू. पुढच्या दोन-तीन तासांत तिच्यावर पोयट्याचा थर येतो. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर त्यात चिकणमाती आहे. आपल्याकडच्या काळ्या रानातली माती या परीक्षेत बराच वेळ गढूळ राहते. इथल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन चिकणमातीच जास्त तयार होते, वाळू कमी. भीमेची, म्हणजे पंढरपुरातल्या चंद्रभागेची, वाळू मोलाची आहे ती यामुळेही.

1980 साली उजनी धरण झाल्यापासून वरून येणारी वाळू जलाशयातच अडते. खाली सुटणारं पाणी रिकाम्या हाताने येतं आणि तळाचीच वाळू उचलतं. त्यात माणसांनी वाळूचा उपसा केला की भर पडत नाही, खड्डे राहतात.

त्या खड्ड्यांना ‘डोह’ लिहितात, ते मात्र मला खटकतं. डोह नदी स्वतः कोरते आणि त्याची जागा काठच्या गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. उपशाचा खड्डा गढूळ पाण्याखाली कुठे आहे हे अंघोळीला उतरणाऱ्या वारकऱ्याला कळत नाही. त्याला खड्डाच म्हणावं.